मधुमेहातील आहाराची नोंदवही: रोजकीर्द आणि खतावणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय 54, कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत धान्याचे दुकान, मधुमेह होऊन 6 वर्षे झाली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधे चालू आहेत आणि तरीही गेल्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे साधारण 3 महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी, 8.6 टक्के आली. डॉक्टरांनी आहाराची नोंदवही ठेवायला सांगितली. आपण ती 3 आठवडे नेटाने लिहिली; पण डॉक्टरांनी दोन पाने उलटली, ‘ठीक आहे, जरा कमी खा’ म्हटले आणि वही परत दिली. तेव्हा ही वही लिहिण्यात काही अर्थ आहे का, असल्यास ती कशी लिहावी, आणि रविवारचे मटणही तीत लिहायचे का, असे आपण विचारले आहे.

अर्थ निश्चित आहे. मात्र आपण नमुन्यादाखल जी पाने पाठवली आहेत, त्यांवरून मला किंवा आपल्या डॉक्टरांना काहीही सांगता येणार नाही, हेही तितकेच खरे. ‘सकाळी चहा, नाश्ता. दुपारी भाकरी, भाजी, आमटी, भात. रात्री वरीलप्रमाणे.’ अशा 21 ओळी आहेत. हे घरातल्या जेवणाचे वेळापत्रक झाले. किती वाजता, किती प्रमाणात आणि त्यानंतर साखर किती झाली, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. साखरेचे आकडे आपल्याकडे आहेत, पण ते प्रयोगशाळेच्या कागदांवर, वेगळ्या फाइलमध्ये. खाण्याची वही आणि साखरेची फाइल यांची एकमेकांशी कधी गाठच पडली नाही, म्हणून डॉक्टरांनाही दोन पानांपलीकडे वाचण्यासारखे काही सापडले नाही.

आपण व्यापारी आहात, त्यामुळे एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल. दुकानात दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत चढतात; पण कोणाकडे किती येणे आहे हे कळायला त्यांची खतावणी घालावी लागते, प्रत्येक खात्यावर त्याच्या त्याच्या नोंदी उचलून मांडाव्या लागतात. मधुमेहाच्या नोंदवहीचे नेमके तेच आहे. बहुतेक रुग्ण रोजकीर्द लिहितात, तीही अर्धवट, आणि खतावणी घालतच नाहीत. आणि मग वहीचा उपयोग झाला नाही म्हणून ती माळ्यावर जाते. गेल्या 24 वर्षांत माझ्याकडे आलेल्या वह्यांपैकी निम्म्याहून अधिक अशाच होत्या, आणि त्यात सुरुवातीच्या काळात माझीही चूक होती. मी तेव्हा उष्मांकांचे रकाने असलेला छापील तक्ता रुग्णांच्या हाती देत असे. लोक तो बाहेरच्या बाकावर बसून, माझ्याकडे आत येण्यापूर्वीच्या 20 मिनिटांत भरत. 15 दिवसांची नोंद एकाच पेनाने, एकाच वळणात, एकही खाडाखोड नसलेली. खऱ्या वहीवर हळदीचे बोट उमटलेले असते, कुठे पेन्सिल असते, कुठे मुलाचे अक्षर असते. अशी वही हातात आली की मी खुर्ची पुढे ओढून बसते.

आता रोजकीर्द कशी लिहावी ते पाहू. खिशात मावेल अशी साधी वही घ्यावी आणि घास घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत नोंद करावी. रात्री झोपताना दिवसभराचे आठवून लिहिलेले कामाचे नसते, कारण जेवणे आठवतात आणि मधले विसरते. वजन कमी होत नाही अशी तक्रार असलेल्या लठ्ठ व्यक्तींचा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेत 1992 साली छापून आला होता. या मंडळींनी आपण जेवढे खाल्ले म्हणून लिहिले होते, ते प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी निघाले. हे लोक लबाड होते असे मला वाटत नाही. माणसाला जे ‘खाणे’ वाटत नाही ते तो लिहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्या बाबतीत हे ‘न वाटणारे खाणे’ कोणते असेल याचा अंदाज मी कोल्हापुरात राहत असल्यामुळे सहज करू शकते. दुकानात आलेल्या प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकासाठी चहा येतो आणि त्याच्यासोबत आपलाही अर्धा कप होतो. असे दिवसाला 7 अर्धे कप धरले आणि प्रत्येकात एक सपाट चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आसपास साखर धरली, तरी 35 ग्रॅम साखर झाली, दुधातली वेगळीच. दुपारी 4 च्या सुमारास कोणीतरी भडंगाचा पुडा फोडतो. गोदामात गुळाची ढेप फुटली की प्रत बघायला खडा जिभेवर जातो. आपल्या वहीत यांपैकी काहीही नाही. कोल्हापूरच्या गुळाचा मलाही अभिमान आहे, पण तो पोटात गेल्यावर साखरेपेक्षा फार वेगळा वागत नाही, हे मला दर आठवड्याला कोणाला तरी सांगावे लागते.

दुधाचेही तसेच. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत असत. त्यांची उपाशीपोटीची साखर 170 च्या खाली उतरत नव्हती आणि वहीत रात्रीचे जेवण अगदी बेताचे, 8 वाजता, एक भाकरी आणि पालेभाजी. औषध वाढवायचे ठरत होते. मी सहज विचारले, “झोपता किती वाजता, आणि झोपताना काय?” ते म्हणाले, “साडेदहाला. तेव्हा काही खात नाही, फक्त दूध पितो.” हा ‘फक्त’ म्हणजे म्हशीच्या निरशा दुधाचा 400 मिलिलिटरचा स्टीलचा पेला, दोन चमचे साखर घालून. तालमीत घुमलेल्या माणसाची ती तरुणपणापासूनची सवय होती. त्या पेल्यात दुधातली आणि वरून घातलेली मिळून सुमारे 30 ग्रॅम साखर होती, म्हणजे दीड चपातीइतकी कर्बोदके, आणि तीही झोपेच्या तोंडावर. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला रिकामा करणाऱ्या गावात दूध ‘खाण्यात’ धरले जात नाही, म्हणून ते वहीत आले नव्हते.

प्रमाणाचा भाग मी थोडा विस्ताराने सांगते, कारण बहुतेक गफलत तिथेच होते. ‘एक भाकरी’ किंवा ‘एक वाटी भात’ हे माप नव्हे. एका बाईंच्या वहीत रोज ‘भात 1 वाटी’ असे होते आणि जेवणानंतरची साखर काही केल्या 220 च्या खाली येत नव्हती. पुढच्या वेळी मी त्यांना ती वाटी घेऊन यायला सांगितले. मोजपात्रातून पाणी ओतून पाहिले तर ती काठापर्यंत 210 मिलिलिटरची निघाली. माझ्या तक्त्यातली वाटी 150 ची होती. शिवाय भात आपण काठापर्यंत थोडाच वाढतो, वर शीग येते. त्यांची ‘एक वाटी’ माझ्या हिशेबाने पावणेदोन होती आणि बिचाऱ्या वर्षभर बोलणी खात होत्या.

भाकरीचे माप याहून सोपे आहे. घरात भाकऱ्या थापताना वहिनींना एकदाच 4 उंडे वजन काट्यावर ठेवायला सांगावे आणि सरासरी काढावी. ज्वारीच्या पिठात जवळपास पिठाइतकेच पाणी जाते, त्यामुळे उंडा 130 ग्रॅम भरला तर पीठ साधारण 65 ग्रॅम असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम आणि तेवढ्याच गव्हाच्या आट्यात सुमारे 64 ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे आपली एक भाकरी 44 ग्रॅमची झाली. 30 ग्रॅम आट्याची पातळ चपाती 19 ग्रॅमची असते. ‘चपाती बंद केली, आता भाकरीच खातो, तरी साखर का वाढते’ असे विचारणारे जे रुग्ण येतात, त्यांनी 2 चपात्यांच्या जागी 2 भाकऱ्या घेतलेल्या असतात. भाकरी चांगलीच आहे, ती चावून खावी लागते आणि पोटभर वाटते. पण ती मोजायची नाही असा कोणताही शास्त्राधार नाही. एकदा ही मापे ठरली की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत, आणि पुढे रोज फक्त ‘भाकरी दीड, भात घरची अर्धी वाटी’ एवढे लिहिले तरी पुरे. रोज काटा घेऊन बसण्याची गरज नाही, आणि उष्मांक तर अजिबात मोजू नयेत.

आमटी, भाजी, कोशिंबीर यांचे प्रमाण अंदाजाने लिहिले तरी चालते. मात्र बटाटा, रताळे, साबुदाणा ही नावे आली की माप हवेच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज उपवास’ एवढीच नोंद करणारे फार भेटतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आणि आपण ग्लिमेपिराइड घेत असल्यामुळे खरोखर निरंकार उपवास करणार असाल, तर त्या दिवशीच्या गोळीचे काय करायचे ते आधीच डॉक्टरांना विचारले पाहिजे.

आता साखरेचे आकडे. आपण ग्लुकोमीटर घेतला आहे पण तो ‘बरे वाटत नसेल तेव्हाच’ वापरतो असे लिहिले आहे. त्याऐवजी असे करावे. एका वेळी एकच जेवण निवडावे. पहिले 4 दिवस फक्त सकाळचा नाश्ता: खाण्यापूर्वी एक तपासणी आणि पहिल्या घासापासून 2 तासांनी दुसरी. जेवण संपल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून. पुढचे 4 दिवस दुपारचे जेवण, मग 4 दिवस रात्रीचे, आणि उरलेले 2 दिवस ज्या जेवणाचा आकडा समजला नाही त्याला द्यावेत. अशा रीतीने 14 दिवसांत 28 पट्ट्या लागतात. दिवसाला 6 वेळा टोचून घेणारा उत्साही रुग्ण पाचव्या दिवशी यंत्र कपाटात ठेवतो, हे मी पाहिलेले आहे. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. हे उगाच सांगत नाही: केळे किंवा पेढा हाताळलेल्या बोटावर जे लागलेले असते त्यानेच आकडा भलताच वाढलेला दिसतो, आणि आपला तर गुळाशी रोजचा संबंध. शक्यतो बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावे, तिथे कमी दुखते.

सर्वसाधारणपणे उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत असे उद्दिष्ट प्रौढांसाठी धरले जाते. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर ते सैल ठेवतात, म्हणून आपले उद्दिष्ट त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. मला मात्र नुसत्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक अधिक बोलका वाटतो. खाण्यापूर्वी 165 आणि नंतर 200 असेल, तर त्या जेवणाने फक्त 35 वाढवले. दोष त्या जेवणाचा नाही, आधीपासून चढलेल्या साखरेचा आहे. उलट 110 वरून 215 झाले तर त्या ताटात काहीतरी आहे. घरच्या यंत्रात 15 टक्क्यांपर्यंतचा फरक गृहीतच असतो, तेव्हा 10-12 अंकांच्या चढउतारावरून घरात वाद घालू नयेत.

उपाशीपोटीचा आकडा चढा असला की लोक रात्रीच्या जेवणाला दोष देतात आणि ते इतके कमी करतात की रात्री भूक लागते. पहाटेच्या वेळी शरीरातली काही संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. काही जणांत हा भाग मोठा असतो. वहीतून हे ओळखता येते. 3 रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर तपासावे. झोपताना 140 आणि सकाळी 175 असेल तर ती वाढ रात्रीच्या भाकरीची नव्हे, आणि तिच्यावर उपाय डॉक्टरांकडे आहे, ताटात नाही. झोपतानाच 210 असेल तर मात्र ताटाकडे बघावे.

रविवारच्या मटणाबद्दल आपण जरा संकोचाने विचारले आहे. ते लिहायचेच, किंबहुना सर्वांत नीट तेच लिहायचे. एका रुग्णाचे रविवारचे पान, त्यांच्या परवानगीने, मी नव्या लोकांना दाखवते. सकाळी 9 ला मिसळ, कट दोनदा, ब्रेडच्या 4 स्लाइस. 11 ला साखर 238. दुपारी 2 ला सुके मटण, तांबडा रस्सा 3 वाट्या, पांढरा 2 वाट्या, भाकरी 1, भात घरच्या 2 वाट्या. 4 वाजता साखर 172. खाली त्यांनी आनंदाने लिहिले होते, ‘मटणाने साखर वाढत नाही.’ त्यानंतर झोप, 6 ला चहा, रात्री ‘भूक नव्हती म्हणून’ थोडा रस्सा-भात. सोमवारी सकाळी उपाशीपोटी 196.

या एका पानात शिकण्यासारखे बरेच आहे. मिसळीतली मोड आलेली मटकी निर्दोष आहे. 4 स्लाइसमध्ये 50 ते 60 ग्रॅम कर्बोदके होती आणि ती लवकर पचणारी होती. पुढच्या रविवारी त्यांनी एकच स्लाइस आणि जास्तीची उसळ घेतली, तेव्हा त्याच वेळेचा आकडा 174 आला. मटणात स्वतःची कर्बोदके जवळपास नसतात, हे खरे. परंतु भाकरी आणि 2 वाट्या भात मिळून त्या ताटात 130 ग्रॅमच्या पुढे कर्बोदके होती आणि रश्शावर तेलाचा तवंग होता. चरबी जास्त असली की जठर हळू रिकामे होते आणि साखर दोन तासांनी नव्हे, चार-पाच तासांनी वर येते. म्हणून 4 वाजताचा 172 हा आकडा फसवा होता. अशा जेवणानंतर 2 तासांनी एक आणि 4 तासांनी एक अशा दोन तपासण्या कराव्यात. त्या गृहस्थांनी मटण सोडले नाही, मीही सोडायला सांगितले नाही. भात अर्ध्या वाटीवर आणला, ताटातले कांदा-काकडी आणि मटणाचे तुकडे आधी खाऊन भाकरी नंतर घ्यायला लागले, आणि झोपण्याऐवजी रंकाळ्यावर पाऊण तास चालून येऊ लागले. दीड महिन्याने सोमवारचा आकडा 141 होता. गावाकडच्या म्हाईला किंवा जोतिबाच्या यात्रेनंतरच्या जेवणावळीला हा हिशेब पाळता येणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा नुसते लिहावे. वर्षातल्या 4 जेवणांनी एचबीएवनसी बिघडत नाही; तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते आणि ती तपासणी साधारण 3 महिन्यांची सरासरी दाखवते, एका दिवसाचा हिशेब मागत नाही.

ज्या रकान्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते तो म्हणजे ‘त्या वेळी काय चालले होते’. दोन शब्द पुरतात: ‘गाडी उतरवत होतो’, ‘झोप नाही’, ‘ताप’, ‘लग्नाला सांगलीला’. आपल्या बाबतीत या रकान्याला आणखी एक महत्त्व आहे. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि जेवणाची वाट पाहत नाही. सकाळी गोळी घेतली, दुकानात गर्दी झाली आणि 1 चे जेवण 3 वर गेले, तर साखर 70 च्या खाली उतरू शकते. हात थरथरणे, घाम, धडधड, विनाकारण चिडचिड ही तिची लक्षणे आहेत. आपण पत्रात ‘दुपारी कधी कधी डोके गरम होते, मग चहा-बिस्कीट घेतले की बरे वाटते’ असे ओझरते लिहिले आहे, तिथे मी थांबले. ते डोके गरम होणे नसावे. तसे वाटताच तपासावे. 70 च्या खाली असेल, किंवा तपासणे शक्य नसेल, तर 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी, आणि मग लगेच जेवावे. पेढा किंवा चॉकलेट इथे उपयोगाचे नाही, त्यातली चरबी साखर पोहोचायला उशीर करते. ही प्रत्येक वेळ वहीत लाल पेनाने लिहावी आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोनवर कळवावी. गोळी आपल्या मनाने बंद करू नये किंवा अर्धी करू नये. ज्या माणसाची साखर दुपारी उतरते, तो बिस्किटांवर तुटून पडतो आणि संध्याकाळी 250 वर जातो, एचबीएवनसी 8.6 असल्यामुळे वरून औषध वाढवले जाते आणि दुपारी ती आणखी उतरते. हे चक्र मी अनेकांत पाहिले आहे आणि ते नोंदवहीशिवाय कोणाच्याच लक्षात येत नाही.

दारू घेत असाल तर तीही लिहावी. ही वही घरातले वाचतात म्हणून ती गाळली जाते, हे मी जाणते. हवे तर एक फुली मारावी आणि फुलीचा अर्थ मला किंवा डॉक्टरांना सांगावा. रिकाम्या पोटी घेतलेल्या दारूने यकृताकडून साखर सुटणे मंदावते आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर रात्री उशिरा धोकादायक रीतीने उतरू शकते.

14 दिवस झाले की खतावणी घालायची. वहीच्या मागच्या बाजूने 5-6 खाती उघडावीत: चहा, भाकरी, भात, बाहेरचे खाणे, दूध, उशिरा झालेली जेवणे. प्रत्येक खात्यावर फक्त त्या गोष्टीच्या नोंदी उचलाव्यात, आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि फरक. भाकरीच्या खात्यावर असे दिसेल की एक भाकरी आणि आमटी असताना फरक 40 च्या आसपास आहे, एक भाकरी आणि एक वाटी भात असताना 85 आहे, आणि भात होता पण जेवून 15 मिनिटे चालणे झाले तेव्हा 55 आहे. हे आकडे मी उदाहरणादाखल लिहिले. आपले वेगळे येतील, आणि तीच तर यातली गंमत आहे. एकाच घरातल्या दोन भावांना पोह्यांनी वेगवेगळे आकडे दिलेले मी पाहिले आहेत. छापील तक्ता आपल्याला सरासरी माणसाबद्दल सांगतो. आपल्या खात्यावर आपलीच बाकी निघते.

खतावणीतून जे दिसेल त्यांपैकी एकच गोष्ट बदलावी आणि पुढचे 4 दिवस तेच जेवण पुन्हा तपासावे. चहा, भात आणि दूध एकदम बंद केले, तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि आठवड्यात सगळेच पुन्हा सुरू होते. आपल्याला मी पहिली सूचना चहाबद्दल करीन, कारण त्यात जेवणाला हात लागत नाही. दुकानातल्या मुलाला बिनसाखरेचा वेगळा चहा आणायला सांगणे पहिले 10 दिवस चमत्कारिक वाटते, नंतर गिऱ्हाईकच ‘मलाही तसलाच’ म्हणते.

वही कोणी लिहावी, हाही प्रश्न आहे. जो खातो त्याने. वहिनींवर ते काम टाकू नये, आणि त्यांनीही वहीची पाने उलटून जाब विचारू नये. ज्या घरात वही पुरावा म्हणून वापरली जाते, तिथे ती दुसऱ्या आठवड्यापासून खोटी होते. बायकांच्या वह्यांबद्दल इथे जाता जाता सांगते, कारण हे उत्तर इतरही वाचतील. त्यांचे जेवण सर्वांत शेवटी, अनेकदा ताट न घेता, पातेल्यातला उरलेला भात ‘टाकायचा कशाला’ म्हणून संपवून होते. त्यांनी ‘उरलेले’ नावाचे एक खाते उघडावे.

मोबाइलवरचे ॲप वापरले तरी हरकत नाही, पण त्यात आपली कटवड्याची किंवा माडग्याची नोंद बहुधा सापडत नाही आणि जवळचे काहीतरी निवडून माणूस मोकळा होतो. त्यापेक्षा ताटाचा फोटो काढून वेळ लिहून ठेवणे बरे. दंडाला लावायचा, 14 दिवस सलग साखर दाखवणारा सेन्सर परवडत असेल तर त्या पंधरवड्यात वही अवश्य लिहावी. नोंदींशिवाय तो आलेख म्हणजे नुसते डोंगर असतात आणि कोणत्या डोंगराला कोणते नाव द्यावे ते कळत नाही.

ही वही जन्मभर लिहायची नसते. सुरुवातीला 14 दिवस, बदल तपासण्यासाठी आणखी 8-10 दिवस, आणि नंतर प्रत्येक एचबीएवनसी तपासणीच्या आधी 4 दिवस, त्यांत एक रविवार. औषध बदलले, मोठे आजारपण झाले किंवा लग्नसराईत वेळा विस्कटल्या तर पुन्हा एक आठवडा. लिहिता लिहिता खाण्याचीच भीती बसली, आकडा बघून रडू यायला लागले किंवा जेवण टाळावेसे वाटू लागले, तर वही ताबडतोब मिटावी आणि तसे सांगावे; अशा रुग्णांना मी स्वतःच लिहायला बंदी करते.

डॉक्टरांकडे जाताना पूर्ण वही समोर ठेवू नये. त्यांच्या बाहेर 40 माणसे बसलेली असतात. एका कागदावर 4 ओळी लिहाव्यात: कोणत्या जेवणानंतर साखर सर्वांत जास्त वाढते, झोपताना आणि सकाळी किती असते, 70 च्या खाली किती वेळा आणि किती वाजता गेली, आणि आपण कोणता बदल करून पाहिला. वही पिशवीत असू द्यावी, त्यांनी मागितली तर दाखवावी. माझ्याकडे येणार असाल तर वहीसोबत ग्लुकोमीटर आणावा, म्हणजे त्याच्या तारखा-वेळा ताडून पाहता येतील, आणि ज्या वाटीने घरात भात वाढला जातो ती वाटीही आणावी.